लालबागचा कोरा कागद

लालबाग, १२ जून २०२५

इराताईस,
मावसभावाचा नमस्कार पोचो.

लालबागहून फणसवाडीला पोस्टाने पत्र पाठवणारा मी या शहरातला शेवटचा माणूस असेन. पोस्टातल्या बाईने पत्ता दोनदा वाचला आणि म्हणाली, "आजोबा, बसने अर्ध्या तासात पोचाल की." मी म्हटलं, पोचेन, पण कोणीतरी बघेल. थट्टा वाटेल तुला, पण अगदी तसंच झालंय. आपले अध्यक्ष नाना गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाखाप्रमुखाने, राजेशने, फर्मान काढलं की दादरच्या मुख्य कार्यालयातल्या माणसांशी फोन बंद. व्हॉट्सॲपवर तर एक अक्षर नको, इथल्या ओळीचा फोटो दहा मिनिटांत तिथे फिरतो. आणि तू तर दादरला सरचिटणीस अंबिकाताईंच्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांची पत्रं टाइप करतेस. म्हणजे तू सध्या शत्रुपक्षातली.

काल नानांचं तेरावं झालं. लोकमंडळ एवढा मोठा पक्ष, राज्यावर सहा वर्षं सत्ता, पण पाया आमच्या लालबागच्या शाखेत रचलेला, म्हणून तेराव्याचं जेवणही इथेच. विकासराव जावई म्हणून पहिल्या पाटावर बसले. मंत्री आहेत, एक्केचाळीस आमदार त्यांच्या मागे आहेत, बॅनरवर नानांच्या शेजारी त्यांचाच फोटो. अंबिकाताई वाढायला उभ्या होत्या. राजेश माझ्या कानात म्हणाला, "काका, बघा, ज्याची जागा तिथेच तो बसतो." तेरा जुलैच्या मेळाव्यात शाखांची मतं पडतील, विकासराव अध्यक्ष होतील, आणि आपण सगळे पुन्हा फोनवर बोलू लागू.

माझं काम जोरात आहे. जून म्हणजे कॉलेजच्या ॲडमिशनांचा महिना. रोज पंधरावीस जण शिफारसपत्राला येतात. नानांचा नियम तुला माहीतच आहे, प्रमुख शाखेत नाही म्हणून माणूस सहीविना परत जाता कामा नये. म्हणून राजेश दर सोमवारी शंभर-सव्वाशे कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, आणि वरचा मजकूर मी लिहितो. बाकीच्या बहुतेक शाखा असले सही केलेले कोरे कागद जूनमध्ये तुमच्या दादरलाही पाठवून देतात. मी एकतीस वर्षांत एकही पाठवला नाही. लालबागचा कागद लालबागच्या बाहेर कोरा जात नाही. माझ्याकडे ना पद ना गाडी. माणूस डोळे मिटून सही करून माझ्या हवाली करतो, ही माझी इज्जत.

तब्येत सांभाळ. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
गणपत


फणसवाडी, १७ जून

गणपत,

पत्र तिसऱ्या दिवशी मिळालं. जिन्यातल्या पेटीत वीजबिलाखेरीज काही पडलं याचं शेजाऱ्यांनाच जास्त कौतुक. गुडघा आहे तसाच आहे. तीन मजले चढते, मध्ये एकदा बसते.

तेराव्याला अंबिकाताई वाढत होत्या हे तू असं लिहिलंस, जणू त्यांना दुसरं काही जमत नाही. बावीस वर्षं नानांच्या दाराबाहेर बसून आलेल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारणारी बाई आहे ती. परळच्या चाळीतली, बाप गिरणीत. विकासरावांना विचार, तुमच्या शाखेतला पाण्याचा माठ कुठल्या कोपऱ्यात असतो. अंबिकाताई सांगतील. पण जाऊ दे, यावरून आपण भांडायला नको. मी पगारी टंकलेखिका, मला कोण विचारतो.

एक काम आहे. माझ्या खालच्या मजल्यावरची चंपा तुला आठवत असेल, दिवाळीत तुला चिरोटे देते ती. तिला पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय, परळच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळत नाही. तिथे लालबागच्या पत्राचं वजन तुला माहीत आहे. वॉर्ड कुठला, डॉक्टर कोण, हे अजून ठरत नाही, म्हणून मजकूर लिहून मागण्यात अर्थ नाही. एक कोरा सहीचा कागद पाठव, कळलं की मी इथे टाइप करून घेईन. तुझा नियम मोडायला सांगते आहे, ठाऊक आहे. पुन्हा कधी सांगणार नाही.

इरावती


लालबाग, २२ जून

इराताई,

सोबत कागद पाठवतो आहे. पुठ्ठा घालून पाठवलाय, घडी पडू नये म्हणून. एकतीस वर्षांत पहिला. तू मागितलास म्हणून, आणि चंपाचे चिरोटे खाल्लेत म्हणून. राजेशला मी सांगितलेलं नाही. खाट मिळाली की सांगेन. जावक क्रमांकही घातलेला नाही. तो मी माझ्या वहीत पाहून हातानेच घालतो, पण ज्यावर मजकूरच नाही त्याला क्रमांक काय घालायचा?

इकडे सगळं ठीक. काल राजेशने शाखेतल्या चाळीस जणांना नानांच्या फोटोसमोर उभं करून विकासरावांची शपथ दिली. स्वतः पहिली घेतली. तुझ्या बाईंचं मला वाईट वाटतं. मेहनती आहेत, पण त्यांच्याकडे एक नगरसेवकसुद्धा नाही. मेळाव्यात त्या उभ्या राहिल्याच तर शोभा होईल. जमलं तर समजाव त्यांना.

चंपाचं ऑपरेशन कधी ते कळव. मी चक्कर टाकेन.

गणपत


फणसवाडी, ३ जुलै

गणपत,

कागद पोचला. उपयोगी पडला. चंपाला खाट मिळाली आणि ती सुधारते आहे. भेटायला मात्र जाऊ नकोस. वॉर्डात फार कडक आहेत आणि तिलाही बोलवत नाही.

मेळाव्याला येणारच असशील. पुढच्या रांगेत बसू नकोस, पंख्याखाली बस, हॉल फार तापतो. आणि त्या दिवशी काहीही झालं तरी जागेवर बसून राहा, कोणाशी वाद घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

बाकी विशेष नाही. दमले आहे थोडी.

इरावती


लालबाग, १६ जुलै

इरावती,

ताई लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव.

हॉलमध्ये काय झालं ते तुला मी सांगायला नको, तू स्टेजवर कडेला फाइल धरून उभी होतीस. तरी मी जे पाहिलं ते लिहितो. मतदानाच्या आधी अंबिकाताई उठल्या. म्हणाल्या, "सरचिटणीस म्हणून माझ्याकडे शाखांची पत्रं आली आहेत, ती वाचणं माझं काम." एकेक पत्र पडद्यावर मोठं करून दाखवत गेल्या. घाटकोपर, शीव, माहीम, प्रभादेवी. "आमची शाखा अंबिकाताईंना एकमताने पाठिंबा देत आहे." खाली शाखाप्रमुखाची सही, ओळखीची, बिनचूक. पहिल्या दहा पत्रांना हॉल नुसता भुणभुणत होता. वीस झाल्यावर गप्प झाला. माझ्या पुढे प्रभादेवीचा कुशाबा बसला होता. त्याचं पत्र आलं तेव्हा तो अर्धा उठला, आजूबाजूला पाहिलं, आणि धोतराचा सोगा नीट करायलाच उठल्यासारखं करून परत बसला.

शेवटी लालबागचं आलं. राजेश माझ्या शेजारी होता. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो हलला नाही. मी पडद्याकडे पाहत होतो. सही राजेशची. कागद आमचा. आणि वर उजव्या कोपऱ्यात, जिथे मी क्रमांक घालतो, तिथे काही नव्हतं.

अंबिकाताईंनी विचारलं, "एकशे त्रेसष्ट पत्रं आहेत, दोनशे दहापैकी. कोणाची हरकत?" मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली, पण उठलो नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि विकासरावांना हार घालायला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी चार सफरचंदं घेऊन फणसवाडीत गेलो. तू कामावर होतीस. जिन्यात चंपा भेटली, हातात भाजीची पिशवी. मी विचारलं, टाके दुखतात का. ती म्हणाली, "कसले टाके हो भावजी?" तिला सफरचंदं दिली आणि आलो.

इरावती, मी तुला कागद दिला नव्हता. माझ्यावर विश्वास टाकून राजेशने जे मला दिलं होतं ते तुला दिलं होतं. मला एवढंच सांग, तू तो चंपासाठी मागितलास तेव्हाच तुला हे माहीत होतं का.

गणपत


फणसवाडी, २० जुलै

गणपत,

हो. माहीत होतं.

तीन दिवस हे एक वाक्य लिहिण्यात गेले. आता बाकीचं लिहिते.

शाखांनी ॲडमिशनसाठी पाठवलेले सहीचे कोरे कागद दादरच्या कपाटात पडले होते. एकशे बासष्ट शाखांचे. अंबिकाताईंनी एक दिवस कपाट उघडलं आणि एकेका कागदावरचं शाखेचं नाव वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "इरावतीबाई, यात लालबाग नाही. लालबाग नसेल तर बाकीच्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही." लालबागचा कागद कोणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तुझी मी कोण हेही. त्यांनी मला सांगितलं नाही की माग. मीच म्हटलं, आणते.

का म्हटलं? कारण नानांनी माझ्यासमोर त्यांना शब्द दिला होता, "माझ्यानंतर तू." लिहून मात्र काही दिलं नाही. नानांनी कोणालाच काही लिहून दिलं नाही, म्हणून तर ही वेळ आली. आणि विकासराव येऊन ते सगळं घेऊन जाणार, हे मला सहन होत नव्हतं. मी खोटं बोलले ते एका खऱ्या गोष्टीसाठी, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. ती आता फारशी टिकत नाही.

पण एक तुला सांगते. त्या दिवशी स्टेजवर फाइल धरून मी एकेक चेहरा बघत होते. एकशे त्रेसष्टांतला एक जण उठून म्हणाला असता, मी असं पत्र दिलेलं नाही, तर सगळं तिथेच संपलं असतं. दुसरा उठला असता, तिसरा उठला असता. कुशाबा अर्धा उठला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो बसला. मला तेव्हा कळलं, प्रत्येकाला वाटत होतं की आपलं एकट्याचंच पत्र खोटं, बाकीचे सगळे खरोखरच तिकडे गेले. एकटं पडायला कोणी तयार नव्हतं. अंबिकाताईंना हे आधीपासून ठाऊक होतं. त्या जिंकल्या त्या कागदांनी नाही, माणसांच्या या ओळखीने.

गणपत, हे कोणाला सांगू नकोस. माझी नोकरी जाईल, पोलिसांतही जाईल प्रकरण. माझ्यासाठी नको म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. पण राजेश काय म्हणेल तुला? गप्प राहिलास तर त्याला कधी कळणार नाही की कागद कुठून गेला.

तुझी बहीण आहे अजून, तू मानलंस तर.

इरावती


लालबाग, ४ ऑगस्ट

इराताई,

बहीण मानतो, म्हणून हे लिहितो आहे. राग गेलेला नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दादरहून निरोप आला, अध्यक्षांनी बोलावलंय. त्या दिवशी तू रजेवर होतीस, मुद्दाम की कसं ते तूच जाणे. अंबिकाताई नानांच्या खोलीत बसतात, पण खुर्ची आपली जुनीच आणून ठेवलीय. मला चहा दिला आणि सरळ म्हणाल्या, "गणपतराव, कागद तुमचा होता. तुम्हाला ते टोचतंय, मला माहितीय."

मी म्हटलं, "मी सांगणार आहे."

"सांगा ना. कोणाला सांगणार?" असं म्हणून त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "मेळाव्यानंतर मी सगळ्या प्रमुखांना निरोप पाठवला. ज्याला वाटतं आपलं पत्र खोटं आहे, त्याने दादरला यावं, इथेच माझ्यासमोर फाडून टाकावं, मी काही बोलणार नाही. आठ दिवस हे कागद टेबलावर पडून होते. बघा किती फाटलेत ते."

मी बघितलं, ताई. एकही फाटलेला नाही. प्रत्येकावर जुन्या सहीच्या खाली दुसरी सही आहे, नव्या शाईची, तारीख घालून. कुशाबाची आहे. लालबागच्या पत्रावर राजेशची आहे, १६ जुलैची. म्हणजे मी तुला ते रागाचं पत्र लिहीत बसलो होतो, तेव्हा राजेश दादरला सही करत होता. पुढच्या आठवड्यात त्याला महामंडळ मिळालं. विकासरावांचं विचारलंस तर ते आता कार्याध्यक्ष आहेत आणि अंबिकाताईंच्या गाडीत मागे बसतात.

अंबिकाताई म्हणाल्या, "पत्र तेव्हा खोटं होतं, मी नाकारत नाही. आता ते खरं आहे. तुम्ही आता खरं सांगायला गेलात तर तेच खोटं ठरणार." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. वाईट वाटत असल्यासारखंच बोलल्या. वर विचारलं, लालबागची शाखा सांभाळाल का, राजेश आता महामंडळावर जातोय. मी नाही म्हटलं आणि चहा अर्धा टाकून निघालो.

तरी मी काल सांगितलं. रविवार, शाखेत साठेक माणसं होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मेळाव्यात वाचलेलं आपलं पत्र कोऱ्या कागदावर बनवलेलं होतं. राजेशने लिहिलेलं नाही. तो कागद मी बाहेर दिला. चूक माझी." तुझं नाव घेतलं नाही.

सगळे राजेशकडे बघायला लागले. त्याने शांतपणे मोबाइल काढला, पत्राचा फोटो दाखवला, दोन सह्यांसकट. म्हणाला, "काका, मी स्वतः जाऊन केलीय ही. दोनदा केलीय." मग सगळ्यांना म्हणाला, "काकांना नाना गेल्याचा धक्का बसलाय. वय झालं. समजून घ्या." लोकांनी समजून घेतलं. तेच मला फार लागलं. कोणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गंगुबाई, जिच्या तीन मुलांची ॲडमिशन मी लिहून दिलेल्या पत्रांनी झाली, ती जवळ येऊन पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गणपत, तुका बरां नाय काय रे? घराक जा, पड जरा."

आज सकाळी गेलो तर ड्रॉवरला नवं कुलूप होतं. राजेश म्हणाला, तुम्ही फक्त फळ्यावर सुविचार लिहीत जा, दगदग नको. एकतीस वर्षं मी जे बोललो ते लोकांनी खरं धरलं. आयुष्यात एकदाच खरं बोलायला जड गेलं, आणि नेमकं तेच कोणी धरलं नाही. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की मी काहीतरी चुकीचं पाहिलं.

गणपत


फणसवाडी, ७ ऑगस्ट

गणपत,

हे पत्र चंपाच्या हाती पाठवते आहे. पोस्टाला वेळ लागेल, आणि तुला असं एक दिवसही राहू द्यायचं नाही. तिला सगळं मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिच्या नावाने आजारपण लावलं म्हणून. मग स्वतःच म्हणाली, द्या, मी नेते.

तू चुकीचं काही पाहिलेलं नाहीस. ते पत्र मी २८ जूनला दुपारी टाइप केलं, मुख्य कार्यालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर, तुझ्याकडून आलेल्या कागदावर. पुठ्ठा काढला तेव्हा कागदाला एक घडी नव्हती. मजकूर चार ओळींचा होता. "एकमताने" हा शब्द माझा.

मी काल राजीनामा दिला. अंबिकाताईंनी कारण विचारलं नाही. पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "गणपतरावांना सांगा, मला त्यांच्यासारखी माणसं हवी होती." मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी पुढची फाइल ओढली. मी त्यांच्यासाठी जे केलं ते आज पुन्हा करणार नाही, आणि तरीही मला वाटतं की विकासरावांपेक्षा त्याच बऱ्या. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू.

येत्या रविवारी अकरा वाजता मी लालबागच्या शाखेत येते. उभी राहून सांगते की पत्र मी टाइप केलं, तारीख सांगते, कागद कोणाला फसवून मागवला तेही सांगते. राजेश पुन्हा मोबाइल काढेल. गंगुबाई माझ्याही पाठीवरून हात फिरवेल. कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी धरूनच चालले आहे. माझंही वय झालं म्हणतील. म्हणू देत, निदान दोघं तरी असू.

इराताई